एकाच कॅसेटीत सगळे खेळ : घ्यावी की नाही?

मैत्रिणींनो, गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या पत्रांतून एक प्रश्न पुनःपुन्हा येतो आहे. मुलं हातातल्या व्हिडिओ गेमसाठी ‘फ्लॅश कार्ट’ नावाची काहीतरी वस्तू मागतात; ती काय असते, तिच्यावर पैसे घालावेत का, आणि त्यात काही गैर तर नाही ना? ही वस्तू आमच्या घरात वर्षभर वापरात आहे. ती विकत घेणारी मी, तिची डबी पुसणारीही मीच. तेव्हा म्हटलं, या खेपेला लोणच्या-पापडाचं राहू द्या, याच विषयावर जरा सविस्तर बोलू या.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरोघरी आला होता. त्यात वरून कॅसेट खोचावी लागे. खरा शब्द ‘कार्ट्रिज’, पण आपण सगळे कॅसेटच म्हणायचो. कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असं दणदणीत छापलेलं असे आणि आत तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा आलेले असत! हातात धरून खेळायच्या ‘गेम बॉय’ची गोष्ट तशीच. जपानच्या निन्टेंडो कंपनीने तो १९८९ साली काढला. चार पेन्सिल सेलवर चालायचा, आणि एका खेळाला एक कॅसेट. पुढे २००१ मध्ये ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आला, २००३ मध्ये त्याचाच मिटता येणारा, चार्ज करायचा ‘एसपी’ आला. पावडरच्या डबीसारखा उघडतो आणि मिटतो. गंमत अशी, की या एसपीत जुन्या गेम बॉयच्या कॅसेटीही चालतात.

फ्लॅश कार्ट म्हणजे त्याच मापाची कॅसेट, पण आतून रिकामी. तिच्या कडेला एक खाच असते. तिच्यात मोबाइलमध्ये घालतो तसं नखाएवढं मायक्रो एसडी कार्ड बसतं. संगणकावरून खेळ त्या कार्डावर उतरवायचे, कॅसेट खोचायची, की पडद्यावर यादी येते. हवा तो खेळ निवडायचा. एवढंच.

‘फ्लॅश’ या नावालाही एक कथा आहे, बरं का. वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी ही स्मृती तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्यावरचा मजकूर एकेक अक्षर खोडत बसावं लागत नाही, मोठा तुकडा एकदम पुसता येतो. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा! त्यांच्या एका सहकाऱ्याला ते पाहून कॅमेऱ्याचा लखकन चमकणारा दिवा आठवला, म्हणून ‘फ्लॅश’. आपल्या मोबाइलमधले फोटो अशाच स्मृतीत राहतात.

आमच्या घरी ती का आली

माझे धाकटे दीर बोटीवर असतात. रेवसच्या बाजूला अशी घरं पुष्कळ. कुणाचा मुलगा मच्छीमारी बोटीवर, कुणाचा परदेशी जहाजावर. २००१ साली भाऊजी शाळेत होते तेव्हा त्यांच्या मामांनी सिंगापूरहून त्यांना गेम बॉय आणि पोकेमॉनची एक पिवळी कॅसेट आणून दिली. पुढे ते स्वतः नोकरीला लागले तेव्हा एसपी घेऊन आले. आता ते सहा-सात महिने दर्यावर असतात आणि हे सगळं आमच्या मुलांच्या हाती आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा.

त्या पिवळ्या कॅसेटीत भाऊजींचा लहानपणीचा खेळ जिथे थांबला तिथे अजून होता. खेळ सुरू करताना आपलं नाव आणि आपल्या प्रतिस्पर्ध्याचं नाव द्यावं लागतं. भाऊजींनी प्रतिस्पर्ध्याचं नाव ‘दादा’ ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत. दादा म्हणजे आमचे हे! आणि त्यातल्या एका प्राण्याला नाव दिलं होतं ‘मोती’. मोती म्हणजे या घरातला कुत्रा, माझं लग्न होण्याआधीच गेलेला. सासूबाईंना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण मुलांनी पडद्यावर मोतीचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

अडचण अशी होती की हा जतन केलेला खेळ एका बटणाएवढ्या सेलच्या आधारावर उभा असतो. त्या काळच्या गेम बॉयच्या पुष्कळ कॅसेटींत असा सेल झाळलेला असतो. तो वीस-पंचवीस वर्षं चालतो आणि एक दिवस संपतो. सेल संपला की खेळ शाबूत राहतो, पण जतन केलेलं सगळं जातं. त्यात ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरूनच गेलं. कौलं उडाली, कपाटात पाणी आलं, आणि कॅसेटीच्या पितळी दातांवर हिरवट छटा चढली. तेव्हापासून मनात धाकधूक होतीच. भाऊजींनी बंदरावरून फोन केला तेव्हा एकच म्हणाले, “वहिनी, बाकी काही गेलं तरी चालेल, तेवढं सांभाळा.”

पनवेलला माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याच्याकडे कॅसेट वाचणारं एक छोटं यंत्र होतं, संगणकाला यूएसबीने जोडायचं. त्याने कॅसेट त्यात खोचली आणि खेळ आणि जतन केलेला भाग अशा दोन्ही फाइली उतरवून घेतल्या. तो जतन केलेला भाग केवढा असावा? अवघा ३२ किलोबाइट! तुमच्या मोबाइलमधला एक फोटो त्याच्या शंभरपट मोठा असतो. दिरांचं सगळं बालपण तेवढ्याशा जागेत मावलं होतं.

मग अलिबागच्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून जुना सेल काढून नवा झाळून घेतला. सेल काढताक्षणी कॅसेटीतलं जतन केलेलं पुसलं गेलं, ते जाणारच होतं. पण आमच्याकडे नक्कल होती, ती भाच्याने पुन्हा कॅसेटीत लिहिली. मोती परत आला! आणि मूळ कॅसेट रोज घालून-काढून झिजू नये, मुलांनी नकलेवर खेळावं, म्हणून फ्लॅश कार्ट घ्यायची ठरली.

कार्डावरचे नको असलेले पाहुणे

वस्तू मुंबईच्या एका दुकानातून आली. ह्यांनी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येताना खिशातून आणली. सोबत एक कार्ड ‘फुकट’ होतं आणि त्यावर दुकानदाराने आधीच शेकडो खेळ भरून ठेवले होते. मुलं तर नाचायलाच लागली. मी मात्र कार्ड काढून डबीत ठेवलं आणि म्हटलं, जेवणं झाल्यावर बोलू.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? आमचे हेही तेच म्हणाले. “वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे खेळ, कंपनी ते विकतसुद्धा नाही. मग तोटा कुणाचा?” त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे मीही मानते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथे पूर्वी बाजारात आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकत मिळतच नाहीत, असं त्यांना आढळलं. निन्टेंडोने आपल्या ‘३डीएस’ या यंत्रासाठीचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, आणि तिथे मिळणारे जुने गेम बॉयचे खेळही विकत घेता येईनासे झाले. काही निवडक खेळ त्याच वर्षी फेब्रुवारीपासून नव्या ‘स्विच’ यंत्रावर वर्गणी भरून खेळता येऊ लागले. पण सगळे नाहीत. जुनं जपणारी माणसं नसती तर कितीतरी खेळ नामशेष झाले असते.

तरीपण कायदा काय म्हणतो तेही बघायला हवं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच धरली आहे, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तेव्हा ‘जुना झाला म्हणजे सगळ्यांचा झाला’ असं नाही. चोरटी प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणं हा कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. त्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्क मोडण्याच्या इराद्याने एखाद्या कृतीवरचं तांत्रिक कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्याच कायद्यात आपल्या बाजूचंही एक कलम आहे, ते दुकानदार सांगत नाहीत. कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे आज्ञावलीची प्रत रीतसर आलेली आहे त्याला, ती हरवली-बिघडली तर हाताशी असावी म्हणून स्वतःपुरती नक्कल करून ठेवता येते. म्हणजे भाऊजींच्या पिवळ्या कॅसेटीची नक्कल आमच्या घरात ठेवणं वेगळं, आणि दुकानदाराने भरून दिलेले शेकडो खेळ वेगळे. वस्तू तीच, कार्डही तेच, पण एका गोष्टीला आधार आहे आणि दुसरीला नाही.

परदेशांतही हा वाद झाला आहे. निन्टेंडोच्याच ‘डीएस’ नावाच्या पुढच्या यंत्रासाठी ‘आर ४’ नावाची अशी कार्डं जगभर खपली. २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या आयातीविरुद्ध आणि विक्रीविरुद्ध निकाल दिले. अशा कार्डाचा काही चांगला उपयोगही होतो, एवढ्यावर विकणाऱ्याची सुटका होत नाही, असं लंडनच्या न्यायालयाने धरलं.

मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या मुलांना निबंध स्वतःचा लिहा म्हणून सांगते, शेजारच्या वहीतून उतरवला तर परत लिहायला लावते. मग घरी आल्यावर वेगळा नियम कसा ठेवू? मुलांना मी कायद्याची कलमं सांगितली नाहीत. एवढंच विचारलं, “हा खेळ ज्यांनी बसून बनवला त्यांना याचं काही मिळालं का?” मुलगा म्हणाला, “दुकानदाराला मिळालं.” तेवढ्याने पुरलं. कार्ड मुलीनेच पुसलं. मुलगा त्या दिवशी रुसून जेवला नाही, हेही लिहिते. म्हणजे आमच्याकडे सगळं गोडीगुलाबीने झालं असं तुम्हाला वाटायला नको!

मग कार्डावर आता काय आहे?

एक, भाऊजींच्या स्वतःच्या चार कॅसेटींच्या नकला. दोन, हौशी मंडळींनी नव्याने बनवून स्वखुशीने फुकट दिलेले खेळ. जगात आजही गेम बॉयसाठी नवे खेळ बनवणारी माणसं आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. काही खेळ फुकट असतात, काही थोड्या पैशांत मिळतात. पैसे थेट बनवणाऱ्याला जातात.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ‘जीबी स्टुडिओ’ नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, २०१९ मध्ये आलेला. आज्ञावली लिहिता येत नसली तरी चित्रं काढून, चौकटी जोडून गेम बॉयचा खेळ त्यात बनवता येतो. मुलीने दिवाळीच्या सुट्टीत भाच्याबरोबर बसून एक खेळ बनवला. रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटते, मधे सीगल पक्षी खाऊ पळवतात, तो वाचवत करंजाला पोचायचं. गेम बॉयचा पडदा फक्त १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच. तेवढ्यात मराठी अक्षरं बसवायची म्हणजे कसरतच. तिने ‘रेवस’ आणि ‘करंजा’ या पाट्या चौकटीच्या वहीवर एकेक घर रंगवून चित्रासारख्या काढल्या. मात्रा दोनदा चुकली, तिने दोनदा खोडली. शुद्धलेखनासाठी मी एवढं कधी बसवू शकले नव्हते!

रुसलेला मुलगा आता तोच खेळ खेळतो आणि ताईला म्हणतो, पक्षी फार हळू उडतात, जोरात उडव. खेळ कोण बनवतं हे त्याला आता डोळ्यांनी दिसतं आहे.

घेणार असाल तर

किमतीत फार अंतर आहे. साध्या नकली मालाला अडीच-तीन हजार पडतात, नामांकित बनावटीची परदेशातून मागवलेली वस्तू जकातीसकट दहा हजारांच्या वर जाते. मूळ युक्रेनच्या ‘एव्हरड्राइव्ह’चं नाव जाणकार घेतात. घेण्याआधी आपलं यंत्र कोणतं ते नीट पाहा. गेम बॉय, अ‍ॅडव्हान्स आणि डीएस यांच्या कॅसेटी निरनिराळ्या. एकीची दुसरीला चालेलच असं नाही. डीएससाठीच्या काही स्वस्त नकली कार्डांत तर ठराविक तारीख उलटली की बंद पडण्याची सोय आतच केलेली असते.

सोबत मिळणाऱ्या ‘फुकट’ कार्डावर भरवसा ठेवू नका. आमच्या कार्डावर ३२ जीबी छापलं होतं, भाच्याने तपासलं तर प्रत्यक्षात ८ सुद्धा धड नव्हते. कार्ड खरं किती मापाचं आहे ते तपासणारे प्रोग्राम फुकट मिळतात. चांगल्या दुकानातून वेगळं कार्ड घ्यावं. जुन्या खेळांना जागा फार लागत नाही. पोकेमॉनचा तो आख्खा खेळ एक मेगाबाइटचा आहे.

कार्टमुळे सेल किंवा बॅटरी लवकर उतरते, कारण कॅसेटीपेक्षा ती जास्त वीज खाते. आमच्याकडे फरक स्पष्ट जाणवतो. आणि काही बनावटींत खेळ जतन केल्यावर लगेच बटण बंद केलं तर जतन झालेलं कार्डावर उतरत नाही. आधी यादीच्या पानावर परत यावं लागतं. माहितीपत्रक वाचून मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे रडारड टळेल.

आता समुद्रकाठच्या बायकांसाठी खास. आपल्या खाऱ्या हवेत धातू फार लवकर खराब होतो. कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकाव्यात, मात्र लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत. दातांवर मळ दिसला तर कानाच्या कापसी काडीला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसावं, पूर्ण वाळू द्यावं आणि मगच खोचावं. आपण लहानपणी कॅसेटीत फुंकर मारायचो, ते मात्र मुलांना शिकवू नका. तोंडाची वाफ आत जाते आणि दात अधिकच गंजतात.

जुन्या यंत्राची बॅटरी फुगलेली दिसली, झाकण वर आलं, तर चार्ज करू नये, टोचू-दाबू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. कॅसेटीतला सेल बदलायचा तर पट्ट्या लावलेलाच सेल मागवावा, नुसत्या सेलवर तापलेला झाळणीचा खिळा टेकवू नये, तो फुटू शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बटणासारखा सेल लहान मुलाने गिळला तर वाट पाहू नका. घरगुती उपायात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही मोठी इजा करतो.

शेवटी माझं मत

घरात जुनं यंत्र असेल, स्वतःच्या कॅसेटी असतील, त्यांतल्या आठवणी जपायच्या असतील, किंवा मुलाला खेळ बनवण्याची हौस असेल तर ही वस्तू पैसे वसूल करते. नुसते शंभर खेळ एकदम मिळावेत म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. कायद्याचं आहेच, पण दुसरंही एक पाहिलं आहे मी. कार्डावर शेकडो खेळ असले की मुलं एकेक पाच मिनिटं उघडतात आणि सोडून देतात. भाऊजींनी एकाच खेळावर दोन उन्हाळे काढले होते. आमच्याकडे आता यादी दहाच्या आत ठेवायची असं ठरलं आहे. नवा खेळ घालायचा तर एक जुना काढायचा. कोणता काढायचा यावर दोघांची जी चर्चा चालते, तीही एक करमणूकच!

वेळेचा नियम सर्वांना माहीत आहे तोच. अभ्यास आणि अंगणातला खेळ आधी, यंत्र दिवेलागणीनंतर अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी तास.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, भावाच्या किंवा दिरांच्या खोक्यात जुन्या गेम बॉयच्या कॅसेटी असतील तर या रविवारी जरूर काढून पाहा. आतला सेल अजून जिवंत असला तर आधी नक्कल करून घ्या, साफसफाई मागाहून. आणि कुणाचं नाव, कुणाचा मोती त्यात सापडला, तर मला अवश्य कळवा.